जोड नाही तुटला, बाजूचं तुटलं

...नाही, तुमीच सांगा, "जोड म्हणजे काय" हा काय इचाराचा प्रश्न झाला? अन् थोही कोणाले? मले! अय्यूब वेल्डरले! बसा, बसा त्या टायरवर, लाइन गेली हाय, तुमच्या फाटकाचा कडी-कोंडा काही लाइन आल्याबिगर लागत नाही, तवरक ऐका. पस्तीस वर्षं झाले मी दिग्रसच्या या रोडवर लोखंडाले लोखंड जोडून राह्यलो. ट्रॉलीचा हूक म्हणू नका, खिडकीची जाळी म्हणू नका, वखराची पास म्हणू नका, शाळेतला झोका म्हणू नका... एका वरातीतल्या घोडागाडीचा दांडा भर रस्त्यात जोडून देला मी, नवरदेव वर बसूनच होता! अन् माही सोताची पोरगी, कशफ, वही-पेन घेऊन मायासमोर बसते अन् इचारते, "अब्बा, जोड म्हणजे काय?"

मी म्हटलं, जोड म्हंजे जोड! त्यात काय सांगाचं?

"असं नाही अब्बा, अर्थ सांगा." अर्थ हाच! "बरं, मग मूळ सांगा. हा शब्द आला कुठून?" मी म्हटलं, पुसदवरून आला असन! दिग्रसमधी अर्ध्या गोष्टी पुसदवरूनच येते, सकाळच्या गाडीनं! हासून राह्यले तुमी, पण मले काय मालूम? मी कधी कोण्या शब्दाले उभं करून इचारलं का, का बापा तू कोणाचा, कोण्या गावचा, तुयं घराणं कोणतं?

तं त्याचं असं हाय, पोरगी तवा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले, इषय मराठी. तिचे सर हाय, डोंगरसिंग राठोड, लय शिकलेला माणूस, बोलते तं असं वाटते पुस्तक उघडून कोणी वारा घालून राह्यला. त्याइनं साऱ्या वर्गाले काम देलं, 'एका शब्दाचं चरित्र'. एक शब्द घ्याचा, त्याचे अर्थ शोधाचे, मूळ शोधाचं, अन् थो शब्द रोज वापरते त्या माणसाइले जाऊन भेटाचं. एका पोरीनं 'आई' घेतला, एकीनं 'चंद्र' घेतला, एका पोट्ट्यानं 'प्रेम' घेतला तं सरनं त्याच्याकडून थो वापस घेऊन त्याले 'शिस्त' देला. अन् आमच्या कशफनं काय घेतला? 'जोड'. काहून? तं म्हणे अब्बा वेल्डर हाय, घरातच माहिती भेटते! वीस मार्क. अन् फाइल चांगली झाली तं थेट अमरावतीले जाते, विद्यापीठात, अन् सर एम.ए.साठी चिठ्ठी लिहून देते. पोरीचा सारा जीव त्या एम.ए.मधी. मले तं आधी वाटलं होतं का बी.ए.च्या पुढं रस्ताच नाही, बी.ए.च्या पुढं नाली हाय.

बरं, मी अर्थ सांगू का हातातलं वेल्डिंगचं काम करू, तेवढ्यात आतून रशीदा, आमची घरवाली, तिचा आवाज आला. "बेटा, शादी का जोडा लिख! लाल बोले थे तेरे अब्बा, गुलाबी लेके आए!" आता सांगा, हे चरित्र शब्दाचं का मायं? तीस वर्षं झाले लग्नाले, अजून थो गुलाबी रंग उडाला नाही! पण कशफनं लिहून घेतलं. जोडा, म्हंजे लग्नाचे कपडे. मंग जोडा, म्हंजे पायातला. मंग जोडी, बैलाइची. जोडधंदा. जोडरस्ता. "सोबत जोडले आहे", थे तहसीलमधल्या अर्जातलं. चार पानं भरले, मी म्हटलं चला सुटलो... तं पोरगी खाली मान घालून म्हणते, "अब्बा, कच्चा जोड म्हणजे काय?"

काळजात हातोडा पडला, राजेहो. कारण का तवा आठ महिन्यापासून या रोडवर 'कच्चा जोड' म्हंजे मी! पानठेल्यावर गेलो तं कोणी म्हणे, "ये, कच्चा जोड आला." अन् मी सांगून सांगून थकलो का बापहो, जोड नाही तुटला, बाजूचं तुटलं!

काय तुटलं ते सांगतो. पण त्याच्याआधी भीमराज सांगा लागते. ही टिनाची भिंत दिसते का? तिच्या पल्याड भीमराज. गॅस कटिंग. दुकानं दोन, शेड एकच. मी जोडतो, थो कापतो. त्याचा बाप जिनिंगमधी फिटर होता, त्या बुढ्यानं आमाले दोघाइले एकाच दिवशी कामाले लावलं. मले वेल्डिंगचा होल्डर देला, त्याले कटर देला. आमी इचारलं, असं काहून? तं बुढा म्हणे, "हा अय्यूब शांत हाय, हा जोडन. हा माया पोरगा भांडखोर, हा तोडन." बुढ्यानं सारी जिंदगी मशिनी पारखल्या, पण पोट्टे पारखाले चुकला, भांडखोर मीच होतो!

अन् या भिंतीच्या मधात दार. आमीच बनवलं होतं, पत्रा त्यानं कापला, अँगल मी जोडला. गिऱ्हाईक मायाकडं आलं का मी अँगल दारातून तिकडं सरकवला, "अबे भीम्या, दोन फूट!" का तिकडून फर्रर्र... का अँगल वापस. त्याचं गिऱ्हाईक असलं का तिकडून आवाज, "अय्यूब, चार टाके मार याले!" ईदले रशीदाच्या सेवयाचा डब्बा त्याच दारातून तिकडं, चौदा एप्रिलले त्याच्या घरच्या शीलावहिनीच्या खिरीचं पातेलं त्याच दारातून इकडं. कशफ लहान असताना त्या दारात बसून अभ्यास करे. एक पाय इकडं, एक तिकडं. ज्याच्याकडं लाइट चांगला त्याच्याकडं वही.

तं तो बाजाराचा दिवस. रोडवर ही गर्दी! अन् भीमराजले गर्दी दिसली का त्याच्या अंगात येते. गिऱ्हाइकासमोर छाती काढून म्हणे काय, "मी तोडू शकत नाही असा जोड अजून जल्माले यायचा हाय!" आता मी बाजूलेच उभा. मी ऐकून घ्याचं? मी म्हटलं, "माया जोड तोडून दाखव." थो म्हणे, "कोणचाही?" मी म्हटलं, "तू देशीन त्या लोखंडाचा." हे म्हणालो ना... तिथंच चुकलो! त्यानं मागच्या भंगारातून दोन तुकडे आणले, काळा रंग मारलेले, जाडजूड. मी काही पाह्यलं नाही, रागात होतो. बसवलं, जोडलं, वरची खपली झाडली, थंडं होऊ देलं. थो घण घेऊन उभा. तीन घाव. ठरलं होतं तीन. पह्यला घाव, काहीच नाही. लोकं म्हणे वा मिस्त्री! दुसरा घाव...

कडाक!

तुटलं. पण काय तुटलं? मी वाकून पाह्यलं, जोड तसाच! जोडाच्या बोटभर बाजूनं लोखंड तडकलं होतं. मी दोन्ही तुकडे हातात घेऊन साऱ्या बाजारात वरडून राह्यलो, "अरे पाहा, पाहा, जोड नाही तुटला, बाजूचं तुटलं!" पण पाह्यते कोण? लोकाइले काय दिसते, पह्यले एक होता, आता दोन हाय! टाळ्या वाजवून राह्यले! मी भीमराजले म्हटलं, "हे बीड हाय बे! बिडाचं लोखंड देलं तू मले! बिडाले साधा रॉड चालते का? बीड तापलं का बाजूनं तडकतेच, हे तुया बापानं पह्यल्या दिवशी शिकवलं!" अन् थो काय म्हणाला? घण खाली ठेवून, मिशीवरून हात फिरवून, साऱ्या बाजारासमोर, "तुटलं ना? मंग तुटलं."

तुटलं ना, मंग तुटलं! पस्तीस वर्षांचा दोस्त! चोरानं केलं असतं तं मी माफ केलं असतं.

आता माणसाले राग आला तं माणूस काय करते? भांडे फेकते, शिव्या देते, उपाशी झोपते. मी वेल्डर हाय. मी दार वेल्ड केलं. त्याच दिवशी, दिवस बुडाच्या आत. टाका नाही मारला हो, पुरं! वरून खालपर्यंत, तीन रॉड घातले. अन् रागाच्या भरात असा सुंदर जोड पडला, असा सुंदर... मासोळीच्या खवल्यावाणी! साऱ्या जिंदगीत तसा जोड माया हातून पडला नाही. आठ महिने मी त्या जोडाकडं तोंड करून डब्बा खाल्ला.

पण त्रास कोणाले? गिऱ्हाइकाले! आता अँगल कापाचा तं माणूस अँगल खांद्यावर घेऊन रोडवर, रोडवरून पानठेल्याच्या बाजूनं, नालीवरची फरशी ओलांडून भीमराजच्या समोरून आत. "भीमराजभाऊ, अय्यूबभाईनं सांगतलं दोन फूट." तिकडून आवाज, "कोण अय्यूबभाई?" कोण अय्यूबभाई म्हणे! अन् हे सारं मले टिनातून आयकू येते बरं, टिनाची भिंत हाय, किल्ल्याची नाही! मी इकडून मोठ्यानं म्हणो, "त्याले सांग, ज्याचा जोड नाही तुटला थो!" थो तिकडून म्हणे, "मंग काय तुटलं?" मी म्हणो, "बाजूचं!" अन् मधात थो बिचारा गिऱ्हाईक, खांद्यावर वीस किलोचा अँगल घेऊन, तुमीच सांगा इकडं पाहीन का तिकडं?

बरं, आता फाइलवर येतो. बुधवारी दुपारी कशफ आली, तोंड पांढरंफटक. "अब्बा, सरांनी फाइल वाचली. खूप आवडली. उद्या अकरा वाजता बघायला येणार आहेत." मी म्हटलं येऊ दे ना, काय पाह्याचं हाय, मशीन हाय, होल्डर हाय, मी हाय. तं म्हणते, "दार बघायला येणार आहेत."

कोणतं दार?

तिनं फाइल उघडली अन् वाचाले लागली. तुमाले सांगतो, मले पाठ झालं थे. "माझ्या वडिलांच्या आणि भीमराज काकांच्या दुकानाच्या मधे एक दार आहे. काका कापतात, अब्बा जोडतात. ते दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. जोड या शब्दाचा अर्थ मला कोशात सापडण्याआधी त्या दारात सापडला."

मी म्हटलं, "कशफ... बेटा... थे दार तं..." म्हणते, "माहीत आहे अब्बा. पण लिहायला बसले तेव्हा मला ते उघडंच आठवलं." अन् लागली रडाले. सरनं वर्गात आधीच सांगून ठेवलं होतं, प्रत्यक्ष पाह्यल्यावर माहिती खोटी निघाली तं फाइल बाद. वीस मार्क बाद, अमरावती बाद, चिठ्ठी बाद. आता हे पाप कोणाचं? पोरीचं? तिनं तं आपल्या बापाले होता त्याच्यापेक्षा चांगला लिहिलं!

गुरुवारी सकाळीच दुकान उघडलं. ग्राइंडर काढला, चाक लावलं, म्हटलं अर्ध्या घंट्यात माया जोड मीच घासून काढतो, कोणाच्या बापाले समजत नाही. बटन दाबलं... काहीच नाही. गुरुवार! गुरुवारी सकाळी लाइन जाते हे दिग्रसच्या पोराले पाळण्यात समजते, अन् मीच इसरलो! मंग छन्नी घेतली, हातोडी घेतली. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. घाम निघाला, जोड नाही निघाला. आता हसावं का रडावं? एकीकडून जीव जळून राह्यला पोरीसाठी, अन् एकीकडून मनात लाडू फुटून राह्यले, का वा अय्यूब, याले म्हणते जोड! आणा त्या बाजारातल्या लोकाइले, दाखवा त्याइले कच्चा जोड!

रशीदा कमरेवर हात ठेवून उभी. "अजी, भीमराजभाई के पास जाओ ना. बिगर लाइट का कटर उनके पास है." मी म्हटलं, "मैं नहीं जाता." म्हणते, "मत जाओ. बेटी की फाइल जाएगी." अन् निघून गेली. बायको भांडली तं माणूस उत्तर देते. ती निघून गेली तं काय देईन?

गेलो. रोडवर उतरलो, पानठेल्याच्या बाजूनं, नालीवरची फरशी ओलांडून. पानठेल्यावरचे लोकं पान चघळाचे थांबले! आठ महिन्यांत पह्यल्यांदा समजलं का माया गिऱ्हाइकाले किती चालावं लागे. भीमराज आत बसून नळी गुंडाळून राह्यला होता. त्यानं वर पाह्यलं. अन् काय म्हणाला मालूम हाय? "बोला, काय काम आहे?"

बोला! मले! अबे-तुबेशिवाय ज्या माणसानं जिंदगीत मले हाक मारली नाही, माया लग्नात काझीसायबासमोर "अबे अय्यूब, हो म्हण ना लवकर, भूक लागली" म्हणणारा माणूस, मले 'बोला' म्हणे! शिवी देली असती तं बरं वाटलं असतं, तुमाले खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. पण मी गिऱ्हाईक म्हणूनच बोललो. म्हटलं, "एक दार कापाचं हाय."

"कोणाचं?"

"आपलं."

त्यानं नळी गुंडाळली, उकलली, परत गुंडाळली. मी सांगतलं, का कशफनं असं असं लिहिलं, सर अकराले येऊन राह्यले. थो ऐकून राह्यला. मंग म्हणे, "जोड कसा हाय? पक्का का कच्चा?" पाहा! पाहा त्याचं तोंड! मी जीभ चावली. पोरीची फाइल, अय्यूब, पोरीची फाइल. म्हटलं, "पक्का." म्हणे, "मंग टाइम लागन." उठला अन् सिलिंडरची गाडी ढकलाले लागला रोडकडं. मी म्हटलं, "अबे, इकडूनच काप ना." त्याच्या बाजूनं दारासमोर पत्र्याची ही मोठी थप्पी लावलेली. म्हणे, "नाही. तुयाच बाजूनं कापतो." मले वाटलं, पत्रे उचलाचा कंटाळा.

तं रोडवरून आमची वरात. पुढं भीमराज, मधात सिलिंडर, मागं मी. पानठेल्यावाला उठून उभा राह्यला. इकडं आलो, त्यानं काळा चष्मा लावला, कटर पेटवला, ज्योत बारीक केली, अन् माया जोडाजवळ वाकून घटकाभर नुसता पाहत राह्यला. मी म्हटलं काय पाह्यतं? म्हणे, "काही नाही. कापाचं जिवावर येते." आता ही तारीफ होती का टोमणा, अल्ला जाणे.

वरचं वीतभर कापलं नाही तं दुकानासमोर स्कूटर थांबली. साडेदहा! आता तुमी सांगा, या देशात अकराले म्हटलेला माणूस साडेदहाले येते का? राठोड सर! खांद्यावर झोला, झोल्यात दोन उशा असाव्या एवढे दोन जाड पुस्तकं. मागून कशफ धावत आली, सरले पाह्यलं, दाराले पाह्यलं, मले पाह्यलं, अन् भिंतीले टेकली. सर म्हणे, "नमस्कार अय्यूबभाई. हेच का ते दार? दिवसातून पन्नास वेळा उघडणारं?"

अन् भीमराज, चष्मा न काढता, मान वर न करता म्हणते, "हो सर, हेच. बिजागिरी आखडली म्हणून कापून राह्यलो. पन्नास खेपा उघडा लागते, मंग आखडन नाही तं काय!"

राजेहो, मी त्याच्याकडं पाह्यतच राह्यलो. आठ महिने 'कोण अय्यूबभाई' म्हणणारा माणूस, माया पोरीसाठी धडधडीत खोटं बोलला, अन् किती सफाईनं! सर खुश. बसले, तुमी बसले ना, त्याच टायरवर. झोल्यातून पुस्तकं काढले. म्हणे, "काम चालू द्या, तोवर आपण मुळाकडे जाऊ."

मंग सर मुळाकडं गेले, ते काही लवकर वापस आले नाही. म्हणे, "या कोशात 'जोड' हा 'जुड्' या धातूपासून सांगितलाय. जुड् म्हणजे बांधणे. दुसरे अभ्यासक त्याचं नातं 'युज्'शी लावतात. त्याच युज्मधून योग आला, संयोग आला. बैलाच्या मानेवरचं जू, तेही त्याच कुळातलं. जोत, तेही." मी म्हटलं, "म्हंजे सर, योग करणारे अन् बैल, एकाच घरचे?" सर म्हणे, "शब्दापुरते, हो." भीमराज खालून म्हणे, "मंग सर, जोड नेमका कोणत्या घरचा? पह्यल्या पुस्तकातल्या का दुसऱ्या?" सरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणे, "ठामपणे सांगता येत नाही. मूळ अनिश्चित." आता बोला! दोन उशांएवढे पुस्तकं, अन् मूळ अनिश्चित! मी तं पह्यल्या दिवशीच सांगतलं होतं, जोड म्हंजे जोड!

सर पुढं वाचाले लागले. "आणखी एक अर्थ आहे. कुस्तीत, तोडीचा गडी, तुल्यबळ. त्याला जोड म्हणतात. जोड मिळाल्याशिवाय कुस्ती लागत नाही." फर्रर्र चाललं होतं थे एकदम थांबलं. भीमराजनं वर पाह्यलं. "म्हंजे सर, भांडालेबी जोडच लागते?" सर म्हणे, "शब्दकोशानुसार, होय." मंग मायाकडं पाह्यलं. ज्योत परत बारीक केली अन् कामाले लागला.

अकरा वाजले, जोड संपला. खालपर्यंत पुरा कापला. मी म्हटलं बिस्मिल्ला, अन् दार ढकललं.

हाललं नाही.

भीमराजनं ढकललं. नाही. दोघाइनं ढकललं, कशफनं ढकललं, राठोड सरनं पुस्तकं खाली ठेवून खांदा लावला, चौघं जण! दार म्हणे मी इथंच राह्यतो. सर हाशहुश करत म्हणे, "हे पन्नास वेळा कसं उघडतं?" कशफ परत रडाच्या बेताले. अन् भीमराज खाली पाहून, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "तिकडूनबी हाय."

काय हाय तिकडून?

"जोड."

निघालो, परत रोडवर, पानठेल्याच्या बाजूनं, नालीवरच्या फरशीवरून, या खेपेले सरही, कशफही. पानठेल्यावाल्यानं तं दुकान सोडलं, आला मागं. पत्र्याची थप्पी हटवली अन् मी पाह्यलं... काय सांगू तुमाले! असा भिकार जोड मी जिंदगीत पाह्यला नाही! कुठं ढेकळं, कुठं छेद, कुठं रॉड चिकटून तसाच राह्यलेला, जसं कोणी डोळे मिटून शेण थापलं. आठ महिने ही घाण माया दाराच्या मागं होती! मी सारं इसरलो, सर इसरलो, फाइल इसरलो, मले त्या जोडाचाच राग आला. म्हटलं, "कोणाकडून करून घेतलं हे? कोण थो वेल्डर? नाव सांग, त्याचा होल्डर काढून घेतो!"

भीमराज म्हणे, "मीच केलं. मशीन भाड्यानं आणून."

"तू? काहून? गावात वेल्डर मेले होते का?"

तं मायाकडं पाह्यलं अन् असं म्हणाला, जसं मीच येडा हाय, "तुले सोडून दुसऱ्याले कायले बलावतो मी?"

आता याले काय म्हणावं! दोस्ती तोडाले मशीन भाड्यानं आणते, अन् तोडतानाही दुसऱ्या वेल्डरले हात लावू देत नाही! मी म्हटलं, "पण तू काहून बंद केलं? मी तं केलंच होतं ना!" त्यानं कपाटातून त्या दिवशीचा, काळा रंग मारलेला एक तुकडा काढला. त्याले मधात भोक. म्हणे, "दुसऱ्या दिवशी सकाळी याले बरमा मारला. साध्या लोखंडाचा निघते तसा कीस निघाला नाही, बुरा निघाला. बीड होतं. मले मालूम नव्हतं, अय्यूब. तुया जोड नव्हता तुटला, बाजूचंच तुटलं होतं."

आठ महिने! हे एक वाक्य आयकाले आठ महिने मी वरडून राह्यलो! मी म्हटलं, "अबे मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगालेच आलतो. तुकडा घेऊन. दार बंद होतं."

"मंग रोडनं याचं होतं ना!"

थो म्हणे, "रोडनं गिऱ्हाईक येते. मी काय गिऱ्हाईक हाय?"

राठोड सरनं खिशातून रुमाल काढला, म्हणे धूर लागला डोळ्याले. धूर कवाचा संपला होता. सरनं कशफची फाइल मागतली, पन्नासचा आकडा खोडला, अन् तिले म्हणे, "आता इथं जे पाहिलं, ते लिही." भीमराजनं त्याचा जोड कापला, दोन मिनिटं लागले, फुंकर मारली असती तरी पडला असता. वीसपैकी अठरा देले सरनं. एक मार्क कापला खोट्या माहितीसाठी अन् एक कापला मूळ अनिश्चित म्हणून. आता मूळ सरलेच नाही सापडलं तं पोरीचा मार्क कायले कापाचा? पण फाइल गेली अमरावतीले. चिठ्ठीही देली. पोरगी एम.ए. करते आता.

अन् दार? हे काय, पाहा ना. दोन्हीकडून तापून तापून चौकट अशी वाकली का दार बसतच नाही. काढून ठेवलं, भंगारात गेलं. मधात नुसतं भगदाड. दिवसभर थो इकडं, चहा माया, बसाले टायर माया, अन् अक्कल त्याची. परवा परत गिऱ्हाइकासमोर म्हणे, "काही म्हणा, तुटलं तं होतंच." मी म्हटलं, जोड नाही तुटला, बाजूचं तुटलं! थो म्हणे, "तुटलं ना? मंग तुटलं!" असा डोस्क्यात राग गेला, उठलो, रॉड लावला, होल्डर हातात घेतला, काळा काच डोळ्यावर ओढला, गेलो तरातरा भिंतीकडं... अन् उभा राह्यलो. वेल्ड काय करू, राजेहो? दारच नाही!